बोलावण्यापुरता आवाज

माझा आवाज गेला तो पिंटूमुळे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

राई गावात एका घरी हळद होती आणि मी धवले गात होते. धवले म्हणजे आमच्या आगरी लग्नातली गाणी, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. देवांना मांडवात बोलवायचं, नवरीला हळद लागताना गायचं, सगळं काम माझं. तर मी गणपतीला बोलावतेय, आणि हा पिंटू, दाढीवाला घोडा, कोपऱ्यात ते भिंतीएवढे स्पीकर लावून बसलेला. म्हटलं, "पिंटू, देवांची नावं होईस्तोवर कळ काढ." तर म्हणतो, "मावशी, साउंड चेक करतोय, दोन मिनटं." आणि लावलंन धाडधाड. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. मी बसते होय? पदर खोचला. त्याने आवाज वाढवला, मी वाढवला. त्याने अजून वाढवला, मी उभी राहिले. शेवटी त्याच्या मशीनचा फ्यूज उडाला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी, काशीनाथरावांनी, ओला टॉवेल पलंगावर टाकला. ते रोज टाकतात, मी रोज ओरडते, आमचा दिवस तिथूनच सुरू होतो. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली. परत जोर लावला. कुकरची शिट्टी खराब झाल्यावर येतो तसा फुस्स आवाज. ह्यांनी वळून पाहिलं, थोडं थांबले, मग खुर्चीवरचा दुसरा टॉवेल उचलला आणि तोही पलंगावर टाकला.

"कसं शांत वाटतंय गो," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

एरवी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी विनिताची हळद होती. विनिता म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुगंधाची मुलगी. सुगंधा तीन वर्षांपूर्वी गेली. मुर्धा गावातल्या घरात आता विनिता आणि तिचे वडील पंढरीनाथ, दोघंच. लेकीच्या लग्नाचं सगळं त्या एकट्या माणसाने मांडलंय, आणि आईच्या जागी उभी राहणार होते मी.

उभं राहायला आवाज लागत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे हळदीच्या सकाळी मांडवात बोलावणं करतात. आधी गणपतीला, मग गावदेवीला, मग खाडीच्या, शेताच्या, मिठागराच्या देवांना. देव झाले की घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. आणि आमच्या घरातली रीत अशी की गेलेल्या बाईला हाक मारायची ती तिच्या माहेरच्या माणसानेच. सासरच्यांनी कितीही बोलावलं तरी ती दारातच उभी राहते, माहेरचा आवाज कानावर पडला की आत येते. सुगंधाच्या माहेरचं आता एकच माणूस शिल्लक आहे. ते म्हणजे मी.

बातमी मुर्ध्याला पोचली आणि विनिता दुपारीच रिक्षा करून आली. हाताला लग्नाची मेंदी काढायची होती ती सोडून आली. माझ्यासमोर खाली बसली, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. लहानपणापासून तिची तीच सवय आहे.

"मावशी, पिंटूदादा म्हणतो त्याच्याकडे धवल्याचं रेकॉर्डिंग आहे. टेन्शन नको घेऊ म्हणतो." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण त्यात माझ्या आईचं नाव कुठून असणार गं?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला गेले तर फुस्स.

"मला दुसरं काय पण नको. आईला बोलावणं झालं पाहिजे, आणि ते तूच केलं पाहिजे. नाहीतर ती बाहेर उभी राहील आणि मी आत हळद लावून घेईन, असं नको ना मावशी." आणि रडायलाच लागली. मीही रडले. त्याला आवाज लागला नाही.

सुगंधाचं सांगते. आम्ही दोघी मिळून गायचो. मी पुढे, ती मागून ओळ उचलायची. माझा आवाज वर, पार दुसऱ्या पाड्यावर पोचणारा. तिचा जन्मापासून घोगरा, जाड. शाळेत प्रार्थनेला बाई तिला मागच्या रांगेत उभी करायच्या. मी तिला बेडकी म्हणायचे. आबांनी, आमच्या वडिलांनी, तिचा घसा मोकळा व्हावा म्हणून काय काय पाजलं. हळदीचं दूध पाजलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं, अडुळशाचा रस नाक दाबून घातला. मिठागरावर कामाला असायचे ते, म्हणून खडे मीठ घरात ढिगाने. रोज सकाळी आम्हा दोघींना गुळण्यांना बसवायचे. मी शहाण्यासारखी थुंकायचे, ती गिळायची आणि आबांचा मार खायची. एवढं करून आवाज होता तसाच राहिला. मोठी झाल्यावर म्हणायची, "ताई, एका घरात एक कोकिळा पुरे हाय. दोन झाल्या तं झोपायचं कवा?"

आता माझ्या बिल्डिंगचं. भाईंदर पश्चिमेला आमची सोसायटी, आणि तिथे कोणाला काही झालं की आधी माझं दार, मग डॉक्टरचं. पोट गच्च झालं? ओवा चाव, वर कोमट पाणी पी. पित्त खवळलं? कोकमाचं आगळ पाण्यात घे. जुलाब लागले? तांदळाची पेज, मीठ-साखर घालून, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर मुकाट डॉक्टरकडे जा. आणि सगळ्यांना माझी एक ताकीद असते, एका वेळी एकच उपाय. दहा ठिकाणचं दहा खाल्लंस तर बरं कशाने झालं आणि बिघडलं कशाने ते देवालाही कळणार नाही.

मीच आजारी पडले म्हटल्यावर सोसायटीला आनंदाचं भरतं आलं. सगळ्यांनी उट्टं काढलं.

पहिल्या आल्या समोरच्या उर्मिलाबेन. हातात सुंठ-गुळाच्या गोळ्यांचा डबा. "मंजुबेन, तुमने मुझे करेले का रस पिलाया था, याद है? अब मेरी बारी." त्यांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरच्या गोळ्यांबरोबर मी रोज कारल्याचा रस घेऊन त्यांच्या दारात उभी राहायचे, पेला रिकामा होईस्तोवर हलायचे नाही. आता त्या माझ्या दारात उभ्या. गोळी तोंडात घातली, सुंठ मेंदूपर्यंत चढली. मग चौथ्या मजल्यावरच्या विमलाबाई आल्या, मूळच्या कोकणातल्या, दादरहून इथे राहायला आलेल्या. त्यांनी कुळथाचं कढण आणलं, वर मिरपूड अशी पेरलेली की कुळीथ दिसेना. "आमच्या कोकणात घशाला हेच," म्हणाल्या. मग उत्तनची फिलोमिना आली. ती मला मासळी देते, पण त्या दिवशी टोपलीआधी डबा काढला. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार.

"मंजुळाबाय, यो गरमगरम पी. घसा मोकला न्हाय झाला तं माजा नाव फिलोमिना न्हाय."

आता मी नको म्हणणार कशी? लग्नघरात आलेलं परत धाडायचं नसतं आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. मी खात गेले आणि माझी सून समीक्षा भांडी लाडवांनी भरून देत गेली. बरं, नुसतं देऊन कोणी जाईल तर शपथ. प्रत्येकीला ऐकायचंच असतं, "अय्या, पण झालं कसं?" मग मी बसून, खालच्या आवाजात, कुजबुजत, राईची हळद, पिंटू, साउंड चेक, सगळं सांगायचे. आणि फ्यूज उडाल्यापर्यंत नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धर्मेशभाईंनी, म्हणजे उर्मिलाबेनच्या मिस्टरांनी, 'मंजुबेन की आवाज वापस लाओ' असं टाकलं. संध्याकाळपर्यंत आल्याचा रस, लवंग, काळ्या मिरीचा काढा, लसूण तुपात तळून, सगळं माझ्या पोटात.

दुसऱ्या दिवशी फुस्ससुद्धा येईना. वर घसा भाजल्यासारखा आणि छातीत आंबट जळजळ.

समीक्षा शहरात वाढलेली मुलगी. माझ्या उपायांवर आजवर एक अक्षर बोललेली नाही, चांगलं की वाईट. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली, मला रिक्षात घातलं आणि घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं.

"ओरडून सुजलाय," त्या म्हणाल्या. "गाठबीठ काही नाही, घाबरू नका. विश्रांती दिली की येईल. कोमट पाणी भरपूर, मिठाच्या गुळण्या, मऊ आणि कमी तिखट जेवण. आणि बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबातच नाही, त्याने जास्त ताण पडतो. दोन-तीन आठवड्यांत सुधारलं नाही तर परत या."

मी बोटांनी रविवार, मांडव, गाणं, असं सगळं करून दाखवलं. समीक्षाने शब्दांत सांगितलं.

"रविवारपर्यंत पूर्ण मोकळा होईल असं नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा येईल. तोही गप्प राहिलात तर."

रिक्षात बसल्यावर समीक्षा माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही सगळ्यांना काय सांगता? एका वेळी एकच. कालपासून तुम्ही स्वतः किती घेतलेत, मोजलंत?"

मी रस्त्याकडे बघायला लागले. बोलायची तर बंदीच होती.

घरी आल्यावर तिने राज्य हातात घेतलं. ह्यांना पेपर देऊन दाराबाहेर खुर्चीवर बसवलं. जो येईल त्याला सांगायचं, मंजुळा झोपली हाय. डबे घ्यायचे, माणसं परत पाठवायची. डबे आत आले की समीक्षा फ्रिजमध्ये ठेवायची, आणि ते सार, ते कढण आमचे हे रात्रीच्या जेवणात भुरकायचे आणि म्हणायचे, "गो, तुजं दुखणं मला मानवलं."

माझ्या वाट्याला मुगाची पातळ खिचडी, तूप घालून. मऊ भात आणि दूध. कोमट पाण्याचा फ्लास्क. आणि गुळण्या. समीक्षा आधी बारीक मिठाचं पाणी करून घेऊन आली. मी हाताने थांबवलं, स्वयंपाकघरात गेले आणि वरच्या फळीवरची बरणी काढली. खडे मीठ. मिठागरं बंद पडली तरी मी ते बाजारातून शोधून आणतेच. तेवढा एक हट्ट चालवून घेतला तिने. बेसिनपाशी उभी राहून मान वर करून घुळघुळ केलं आणि एकदम शेजारी सुगंधा उभी असल्यासारखं वाटलं, गाल फुगवून, गिळण्याच्या बेतात. मला हसू आलं आणि पाणी सगळं पदरावर सांडलं.

गप्प राहणं मात्र, आई शप्पथ, कारल्याच्या रसापेक्षा कडू. दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं, मी गप्प. शेजारच्यांनी आमच्या दोरीवर कपडे टाकले, मी गप्प. मग मी एक स्टीलचं ताट आणि चमचा घेतला. एकदा वाजवलं म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे फोन बघ, सलग वाजवलं म्हणजे टॉवेल. ह्यांनी पहिल्यांदा टॉवेल उचलला तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

शनिवारी दुपारी मला वाटलं घरात कोणी नाही. मी देवघरापाशी गेले, म्हटलं एकदा बघावं तरी. तोंड उघडलं आणि पाठीमागून समीक्षाचा हात माझ्या तोंडावर.

"आज काढलात तर उद्या उरणार नाही," ती म्हणाली. मी तिचा हात झटकला. चमचा आपटला, ताट आपटलं. तुला काय कळतंय, माझी बहीण बाहेर उभी राहील, हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. तिने खाली पडलेला चमचा उचलला. मग म्हणाली, "आई, मला पण भीती वाटतेय." तेव्हा मी खाली बसले. मला भीती वाटत होती. आवाज गेला ह्याची नाही, सुगंधाला हाक पोचणार नाही ह्याची.

त्या रात्री हे माझ्या उशाशी येऊन बसले. "गो," म्हणाले, "टीव्ही एवढा मोठा लावला मुद्दाम. तू वरडशील म्हणून. हो आता लवकर बरी, घर कसं रिकामं रिकामं वाटतंय." असला शहाणपणा इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी मुर्ध्याला पोचलो. आंब्याच्या डहाळ्यांनी मांडव सजलेला, पंढरीनाथ भाऊजी शिडीवर चढून तोरण बांधत होते. विनिता पिवळ्या साडीत पाटावर बसलेली. मला बघून उठायला लागली, बायकांनी खाली बसवली. तिने नुसतं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

तेवढ्यात पिंटू आला. स्पीकर बंद होते. दाढी कुरवाळत, खाली बघत माझ्यासमोर उभा राहिला आणि हातातला माईक पुढे केला.

"मावशी, ह्यात हळू बोललीस तरी पार खाडीपर्यंत जाईल. जोर लावायला लागणार न्हाय तुला. मी एक बटण पण नाय दाबणार, आईची शपथ."

दुसरी वेळ असती तर त्याच माईकने त्याचं डोकं फोडलं असतं. मी त्याच्या गालाला हात लावला आणि माईक घेतला.

गणपतीला बायकांनी बोलावलं. गावदेवीला बायकांनी बोलावलं. मी पुढे बसून तोंड शिवल्यासारखी. एकीने ओळ चुकवली, दुसरीने खाडीच्या देवाआधी शेताचा देव घेतला, आणि मी मांडीला चिमटा काढून गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांना गाऊ दिलं मी. वाईट नव्हत्या गात. मग पंढरीनाथांच्या आईवडिलांची नावं झाली, आजोबांचं झालं. बायका थांबल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

समीक्षाने फ्लास्कमधलं कोमट पाणी पाजलं. मी माईक तोंडाजवळ धरला. नेहमीसारखा वरचा सूर लावायला गेले, काही आलं नाही. विनिताने डोळे मिटून घेतले. मग मी सूर सोडूनच दिला. खाली उतरले, जिथपर्यंत घसा मला जाऊ देत होता तिथपर्यंत खाली.

"सुगंधा गो... ये गो बाय... तुज्या लेकीच्या मांडवाला ये..."

स्पीकरमधून आवाज बाहेर आला. जाड, घोगरा, थोडा तुटका. मुर्ध्याच्या त्या अंगणात घुमला.

शिडीवर पंढरीनाथांच्या हातातलं तोरण सुटलं. तो माणूस तसाच वळला, दरवाजाकडे बघायला लागला. म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगो, ही तं सुगंधाच बोलतेय." आणि मला कळलं. बहिणी आम्ही, एका घशाच्या. माझा वरचा सूर गेला आणि खाली जो उरला तो तिचा होता. आबांनी हळद पाजून, ज्येष्ठमध चघळायला लावून, मिठाच्या गुळण्या करवून जो तिच्या गळ्यातून काढायचा प्रयत्न केला, तोच.

विनिता पाटावरून उठली. कोणी तिला बसवलं नाही. उठताना समोरच्या वाटीतली हळद हाताला लागलेली, तशीच ती माझ्या गळ्यात पडली आणि माझी सबंध पाठ पिवळी करून टाकली.

"मावशी, आई आली," ती हसत होती आणि रडत होती. "आली गं."

समीक्षा माझ्या पाठीशी होतीच. डॉक्टरीणबाईंचं सगळं तिला तोंडपाठ, तिने लगेच मिठाच्या पाण्याचा दुसरा फ्लास्क काढला आणि झाकण उघडलं. "आई, पटकन गुळण्या करून घ्या, सूज उतरली पाहिजे."

विनिताने तिचा हात धरला.

"वहिनी, आत्ता नको ना. उद्या कर. आजचा दिवस राहू दे हा आवाज."

समीक्षाने माझ्याकडे पाहिलं, मी समीक्षाकडे. मी तिच्या हातातून झाकण घेतलं, फ्लास्कला घट्ट लावलं, आणि माईक उचलून पुन्हा एकदा हाक मारली.